मातीखालची शिदोरी



चातुर्मास बसला की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो. कधी लेक विचारते, कधी नवी सून, कधी पुण्या-मुंबईच्या वसतिगृहातून फोनवर नात. "कंदमूळ का खायचं नाही? आणि अनंत जीव असतात एवढंच सांगू नका, नीट सांगा." आपण दटावतो, विषय बदलतो, किंवा "शास्त्रात लिहिलंय" म्हणून मोकळ्या होतो. मुलगी गप्प बसते, पण तिचं समाधान होत नाही. आणि ज्या नियमाचं समाधान होत नाही तो नियम घराबाहेर पडला की चार दिवसांत सुटतो, हे आपण सगळ्या पाहतोच आहोत.

म्हणून मी ठरवलं की कंदाकडे एकदा त्याच्या बाजूने पाहायचं. झाड कंद का करतं? कुणासाठी करतं? आपल्या आचार्यांनी त्याच्यात काय पाहिलं? आणि माणसाने त्या कंदाशी आजवर कसा व्यवहार केला? हा लेख म्हणजे कंदाचा थोडासा इतिहास आहे.

झाडाची शिदोरी

झाडाला पाय नाहीत. उन्हाळा आला, बर्फ पडला, वणवा लागला, गुरं चरून गेली, तरी त्याला जागा सोडता येत नाही. मग अशा वाईट दिवसांतून निभावायचं कसं? काही झाडं बी टाकून मरून जातात आणि बी वाट पाहत राहतं. काही पानं गाळून उभी राहतात. आणि काही झाडं जमिनीवरचा सगळा संसार आवरून मातीखाली निघून जातात. चांगल्या दिवसांत पानांनी उन्हावर जे अन्न तयार केलं, ते साखरेच्या रूपाने खाली उतरतं आणि तिथे साठतं. बहुतेक कंदांत ते पिष्ठ म्हणून साठतं. पिष्ठ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते पेशीत गच्च भरून ठेवता येतं. कांदा-लसूण मात्र पिष्ठ करत नाहीत, ते वेगळ्या जातीच्या साखरा साठवतात. म्हणून तर कांद्याला मुळातच गोडी असते.

आपण सरसकट "कंदमूळ" म्हणतो, पण हे साठवणीचे डबे निरनिराळ्या अवयवांचे आहेत. गाजर, मुळा, बीट ही जाड झालेली मुळं. रताळं हेही मूळच. बटाटा मात्र खोड आहे. त्याच्यावरचे डोळे म्हणजे खोडावरच्या पेरांवरचे कोंब. आलं आणि हळद ही जमिनीखाली आडवी सरपटणारी खोडं. सुरण म्हणजे उभ्या खोडाचा फुगलेला बुंधा. आणि कांदा म्हणजे एकमेकांवर बसलेले पानांचे जाड देठ. अवयव कुठलाही असो, काम एकच. वाईट दिवसांत जीव आणि त्याची शिदोरी एकत्र सांभाळायची.

सुरणाचं पाहा. त्याला वर्षाला एकच मोठं पान येतं, छत्रीसारखं. ते पान उभं करायला जुना गड्डा आपलं सगळं खर्च करतो आणि सुरकुतून जातो. मग ते पान पावसाळाभर कमावतं आणि जुन्याच्या जागी नवा गड्डा भरून देतं. फूल येतं तेव्हा तर पानही नसतं. जमिनीतून थेट फूल वर येतं, निव्वळ साठवणीच्या जोरावर. आपल्या घरातली जुनी माणसं जसं "आधी बी-बियाणं वेगळं काढा, मग खा" म्हणायची, तसाच हा हिशेब.

काही कंदांना एक विशेष प्रकारची मुळं असतात. ती आखडतात आणि आखडताना कंदाला दरवर्षी थोडं थोडं खाली ओढून घेतात. उन्हाची धग आणि उकरणाऱ्या जनावरांचं तोंड पोहोचणार नाही अशा खोलीवर कंद जाऊन बसतो. हे वाचलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून बसून राहिले होते.

आपल्या सह्याद्रीचं पठार

यासाठी लांब जायला नको. साताऱ्याजवळचं कास पठार आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. पश्चिम घाटाच्या ज्या जागांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यांत कास आहे. आपण जातो ते फुलं बघायला, भाद्रपदाच्या आसपास. पण एकदा चैत्र-वैशाखात जाऊन बघा. काळा-तांबडा जांभा दगड, वर मातीचा पातळसा थर, आणि गवताची वाळकी काडी. चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने कोरडं. पावसात पाणी साचून मुळं कुजायची भीती, उन्हात भाजून निघायची भीती.

अशा ठिकाणी कोण टिकतं? कंदवाले टिकतात. पहिल्या पावसाबरोबर दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. पानं कमावतील मग फुलू, असं म्हणायला तिच्याकडे वेळ नसतो. गेल्या वर्षीची शिदोरी कांद्यात असते, त्यावर ती काम उरकते. मागून रानहळद येते, जमिनीवर उगवणाऱ्या आमरी येतात, कळलावी येते. या सगळ्यांचं गाठोडं मातीखाली.

याच पठारांवर खरपुडीच्या जाती सापडतात. फुलं छोट्या कंदिलासारखी म्हणून त्यांना कंदीलपुष्पही म्हणतात. त्यांतल्या एका दुर्मीळ जातीच्या शास्त्रीय नावात 'जैनी' हा शब्द आहे. भारतातल्या लोक-वनस्पतिशास्त्राचा पाया घालणारे डॉ. सुधांशुकुमार जैन यांच्या सन्मानार्थ ते नाव दिलं गेलं. खरपुडीचे कंद रुचकर असतात, म्हणून गुराखी आणि पोरं ते उकरून खातात, साळिंदरही खातात. खरपुडीच्या अनेक जाती दुर्मीळ व्हायला जी कारणं सांगितली जातात, त्यांत हे कंद उकरणं एक आहे. पान तोडलं तर झाड परत पान काढतं. फूल खुडलं तर पुढच्या वर्षी फूल येतं. कंद काढला तर तिथे मागे काहीच उरत नाही.

आचार्यांनी काय पाहिलं होतं

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. आचार्य समंतभद्रांचं 'रत्नकरंड श्रावकाचार' आपल्या घरांत नावाने तरी सगळ्यांना माहीत असतं. समंतभद्रांचा काळ कुणी दुसरं शतक मानतात, कुणी त्याच्या बरंच नंतरचा. कसंही धरलं तरी ग्रंथ फार जुना. त्यात श्रावकाने काय सोडावं हे सांगताना आचार्य मुळा आणि ओलं आलं यांची नावं घेतात. सोबत लोणी, कडुनिंबाचा मोहर आणि केवडाही आहे. कारण काय दिलं आहे? फळ थोडं, विघात मोठा. म्हणजे आपल्याला मिळतं चिमूटभर आणि नाश होतो कितीतरी जिवांचा. मला हे कारण फार गृहिणीचं वाटतं. आपणही बाजारात हाच हिशेब करतो, फक्त तो पैशात करतो.

"ओलं" आलं म्हटलं आहे, हेही लक्षात घ्या. आपला "आलं" हा शब्दच मुळी संस्कृत "आर्द्रक" यावरून आला, म्हणजे ओलं ते आलं. तेच वाळलं की सुंठ, आणि सुंठ आपल्याला चालते. ओलं आहे तोवर त्याला कोंब फुटू शकतो. वाळल्यावर फुटत नाही. हळदीचंही तसंच. ओली हळद नाही, वाळलेली हळद रोजच्या फोडणीत.

दहाव्या शतकाच्या शेवटाकडे नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी 'गोम्मटसार' रचला. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायांचं एक नाव गोम्मट, त्यावरून ग्रंथाचं नाव. त्यात आणि त्याहून जुन्या 'मूलाचारा'त वनस्पतींची एक विभागणी आहे. काही मुळापासून उगवतात, काही शेंड्यापासून, काही पेरापासून, काही कंदापासून, काही फांदीपासून आणि काही बीपासून. टीकाकार उदाहरणं देतात, पेरापासून ऊस, कंदापासून सुरण, बीपासून गहू-साळी. म्हणजे प्रश्न असा विचारला आहे की या झाडाने आपला पुढचा जन्म कुठे जपून ठेवला आहे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टेन रौंकियेर यांनी झाडांची नवी विभागणी मांडली आणि ती जगभर शिकवली जाते. तिचा पाया काय? वाईट ऋतूत झाडाचे जिवंत कोंब कुठे असतात, हवेत उंचावर, जमिनीलगत, की जमिनीखाली. काळ वेगळा, हेतू वेगळा, पण बघण्याची जागा तीच.

'गोम्मटसारा'त आणखी एक गोष्ट आहे. ज्या वनस्पतीच्या आश्रयाने अनंत जीव असतात ती ओळखायची कशी, याच्या खुणा दिल्या आहेत. शिरा, सांधे आणि पेरं दिसत नाहीत. मोडली तर सरळ, सारखी मोडते. मोडताना धागे ओढले जात नाहीत. तोडून लावली तर परत उगवते. आता बटाटा, गाजर किंवा कोवळा मुळा डोळ्यांसमोर आणा. साठवणीच्या भागात पातळ भिंतींच्या, अन्नाने भरलेल्या पेशी असतात आणि धागे कमी, म्हणून तो कट्‌कन मोडतो. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक आज जे सांगतं ते पाहणाऱ्याने हातात मोडून पाहिलं होतं.

इथे मला एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे. यावरून "विज्ञानाने निगोद सिद्ध केला" असं मुलांना सांगू नका. निगोद जीव हा आपल्या श्रद्धेचा आणि सिद्धांताचा विषय आहे, तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येईल असं ग्रंथ म्हणतही नाहीत. मोबाइलवर फिरणारे तसले संदेश मुलं दोन मिनिटांत खोडून काढतात आणि मग आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो. आपल्या पूर्वजांची नजर बारीक होती, एवढं सांगितलं तरी पुरे. ते खरं आहे.

श्वेतांबर परंपरेतले आचार्य हेमचंद्र बाराव्या शतकातले. त्यांच्या 'योगशास्त्रा'त अनंतकायांची यादी आहे. सगळे ओले कंद तर आहेतच, पण त्याबरोबर नवी कोवळी पालवी, निवडुंगासारखं स्नुही, कोरफड, शतावरी, गुळवेल, मोड आलेली धान्यं हीही आहेत. मला ही यादी वाचताना गंमत वाटली. कोरफड पानात पाणी साठवते. स्नुही खोडात. शतावरीच्या मुळांचा झुपकाच असतो. गुळवेलाचा तुकडा तोडून झाडावर नुसता अडकवला तरी वाळत नाही, खाली मुळं सोडतो. ही यादी फक्त मातीखालच्या वस्तूंची नाही. संकटात तगून राहणाऱ्या, तोडली तरी पुन्हा उभं राहू बघणाऱ्या जिवांची ती यादी आहे. जिथे जीव सर्वांत जास्त चिवटपणे राहू पाहतो, तिथून हात मागे घ्या असं जणू ती सांगते.

यादीत नसलेला बटाटा

"पण आपल्या ग्रंथांत बटाट्याचं नाव कुठे आहे?" हा प्रश्न मला एका मैत्रिणीच्या मुलाने विचारला होता. नाहीच. कसं असेल? बटाटा तेव्हा समुद्रापलीकडे होता.

बटाट्याचं माहेर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका नावाचं सरोवर आहे, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर. त्या भागातल्या लोकांनी सात-आठ हजार वर्षांपूर्वी रानबटाटा लागवडीखाली आणला. तिथे दुपारी कडक ऊन आणि रात्री पाणी गोठेल अशी थंडी. मक्यालासुद्धा जिथे नीट जमत नाही तिथे बटाटा मातीखाली लपून टिकतो. तिथल्या लोकांनी त्या थंडीचाच उपयोग करून घेतला. बटाटे रात्री उघड्यावर पसरून गोठवायचे, दिवसा उन्हात मऊ झाले की पायांनी तुडवून पाणी काढायचं, असं काही दिवस करून खडखडीत वाळवायचे. त्याला चुन्यो म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. इंका राजांच्या कोठारांत तो भरलेला असे. दुष्काळाच्या वर्षी त्यावर माणसं जगत. झाडाने हिवाळ्यासाठी ठेवलेली शिदोरी माणसाने आपल्या हिवाळ्यासाठी घेतली.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक तिथे पोहोचले आणि बटाटा युरोपात गेला. आपल्या किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. आपला "बटाटा" हा शब्द पोर्तुगीज "बटाटा"च आहे. मुळात तो शब्द रताळ्याचा होता. रताळंही अमेरिकेतलंच. पुढे इंग्रजांच्या काळात बटाट्याची लागवड देशभर पसरली.

साबुदाण्याची कथाही अशीच. तो टॅपिओकाच्या मुळाच्या पिष्ठापासून करतात आणि हे झाड दक्षिण अमेरिकेतलं. केरळात १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी भाताला पर्याय म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. साबुदाण्याचे कारखाने विसाव्या शतकात तमिळनाडूत सेलमकडे उभे राहिले. म्हणजे आज ज्याला "जुन्या काळापासूनचं उपवासाचं" म्हणतात ते इतकं अलीकडचं आहे.

आता मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. बटाटा आला तेव्हा आपल्या लोकांनी ग्रंथात नाव शोधलं नाही. त्यांनी खुणा तपासल्या. मातीखाली वाढतो, पेरं लपलेली, सरळ मोडतो, डोळ्याचा तुकडा लावला की नवं रोप. ठरलं. नियम नावावर नव्हता, गुणांवर होता, म्हणून तो हजार वर्षांनंतर आलेल्या पाहुण्यालाही लागू पडला. याच कसोटीने शेंगदाणा चालतो. भुईमुगाचं फूल वरच येतं, मग त्याची आरी जमिनीत शिरते आणि तिथे शेंग भरते. जमिनीखाली असला तरी तो कंद नव्हे, बी आहे. भुईमूगसुद्धा दक्षिण अमेरिकेतूनच आला, आणि आमच्या सांगली-कोल्हापूरकडे त्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही!

पेव आणि हळद

आमच्या भागाचं नाव घेतलं तर हळदीबद्दल बोलायलाच हवं. सांगलीची हळद देशभर प्रसिद्ध, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि हळद हा कंद आहे, हे आपण सोयीने विसरतो. आमच्याकडची पुष्कळ जैन घरं शेतकरी आहेत. अक्षय तृतीयेच्या सुमारास जेठे गड्डे लावायचे, आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळला की खणून काढायचे. पाला वाळणं म्हणजे झाडाने सगळी कमाई खाली पोहोचवली याची खूण. मग काहिलीत शिजवायचे, उन्हात वाळवायचे, घासून चकाकी आणायची.

माझ्या सासूबाई ओल्या हळदीचा कण तोंडात घालत नसत, पण हळद काढणीला शेतावर उभ्या असत. मी नवी होते तेव्हा त्यांना विचारलं होतं की हे कसं काय. त्या म्हणाल्या, "शेती आहे तोवर उद्योगी हिंसा सुटत नाही बाई. म्हणून जी सुटते ती तरी सोडायची." संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी हे हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत घोकतो. त्यांचा अर्थ मला त्या एका वाक्यात कळला. त्यात स्वतःला निर्दोष म्हणवून घेण्याचा आव नव्हता.

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे हळद साठवायची जागाही जमिनीखालीच होती. त्याला पेव म्हणतात. तोंड अरुंद, आत प्रशस्त, घागरीसारखा खोल खड्डा. तळाला आणि बाजूंना पाचट लावून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचं. आत हवा खेळत नाही म्हणून कीड लागत नाही. भाव येईपर्यंत हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी बाहेरची हवा जाऊ द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं आणि त्यांतली बरीचशी निकामी झाली. आता हळद शीतगृहांत आणि गोदामांत जाते.

गावोगावी जोंधळ्याचीही पेवं असत. "पेव फुटणे" हा शब्दप्रयोग आपण रोज करतो, तो त्यातूनच आला. मला वाटतं, माणसाने कंदाकडूनच हे शिकून घेतलं असावं. वाईट दिवसांसाठीचं धन मातीच्या पोटात ठेवायचं.

दुष्काळात कुणी काय खाल्लं

आता सगळ्यांत अवघड भाग. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ सोलापूर, विजापूर, सातारा, नगर या भागाने सोसला. दख्खन आणि मद्रासकडे मिळून लाखो माणसं मेली. १८८६ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरचा खंड निघाला. त्यातला उपयुक्त वनस्पतींचा भाग गोव्याकडचे डॉक्टर जुझे कामिलो लिस्बोआ यांनी लिहिला आणि त्यात दुष्काळात लोकांनी खाल्लेल्या वनस्पतींचं वेगळं प्रकरण आहे. त्यांच्या पत्नीही गवतांच्या अभ्यासक होत्या. त्या काळात एका बाईने गवतांवर शोधनिबंध लिहिले, हे आपण मुलींना आवर्जून सांगावं.

धान्य संपलं, गुरं गेली, की माणूस रानाकडे वळतो, आणि रानात भर उन्हाळ्यात जिवंत अन्न असतं ते मातीखालीच. कडूकंद, करांदे असले कंद बायकांनी खणून काढले. त्यांतले काही कडू-विषारी असतात. ते चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवून मग खायचे. हे ज्ञान डोंगरातल्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. कंद काढून झाला की वेलाकडचा डोळ्याचा तुकडा परत मातीत पुरायची पद्धतही अशा खणणाऱ्या बायकांमध्ये आढळते. त्यांनाही ठाऊक असतं की मुळावर घाव घातला तर पुढच्या वर्षी काही उरणार नाही.

म्हणून मैत्रिणींनो, कंद खाणाऱ्याला कमी लेखू नका. आपला त्याग हा पर्याय असलेल्या माणसाचा त्याग आहे. आपल्या ताटात डाळ आहे, भाकरी आहे, दुधी-पडवळ-दोडका आहे, म्हणून कंद सोडणं आपल्याला जमतं. ज्या आईने भुकेल्या लेकरासाठी कंद उकरला तिच्याकडे बघून नाक मुरडणं हे कुठल्याच अणुव्रतात बसत नाही.

आणखी एक योग सांगते. भाद्रपद शुद्ध पंचमीला आपलं दशलक्षण पर्व सुरू होतं. त्याच दिवशी शेजारच्या घरी ऋषिपंचमी असते. त्या दिवशी त्या बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. म्हणून त्यांच्या भाजीत सुरण, अळू, परसातलं आणि रानातलं असं सगळं असतं. ऋषी वनात राहून कंदमुळं खात, नांगरलेलं खात नसत, अशी त्यामागची भावना. एकाच दिवशी दोन भिंतींआड दोन चुली. एकीने बैलाला सुटका दिली, एकीने कंदाला. माझी शेजारीण आणि मी यावर दरवर्षी हसतो. ती माझ्याकडे भाजी पाठवत नाही, काकडी पाठवते.

मग मुलींना काय सांगायचं

मी माझ्या सुनेला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

एक, कंद म्हणजे झाडाची वाईट दिवसांसाठीची शिदोरी आणि त्याचा पुढचा जन्म, दोन्ही. फळ खाल्लं तर झाड उरतं. धान्य कापतो तेव्हा गव्हाचं झाड आपला जन्म पूर्ण करून वाळलेलं असतं. गाजर, मुळा, कांदा आपण त्यांना फूल यायच्या आधीच उपटतो.

दोन, कंद उपटताना तो एकटा येत नाही. त्याच्याभोवतीची माती, मातीतले किडे-मुंग्या, सगळं उलथतं. याला कुठल्याही प्रयोगशाळेची साक्ष लागत नाही, शेतात जाऊन पाहिलं की दिसतं.

तीन, अनंतकाय हा आपल्या सिद्धांताचा भाग आहे. त्यावर श्रद्धा असेल तर उत्तम. आज पटत नसेल तर पहिल्या दोन गोष्टींवर नियम सुरू कर, स्वाध्यायाने पुढचं हळूहळू उमगेल.

चार, नियम आयुष्यभराचा झेपत नसेल तर चातुर्मासाचा घे, तोही नाही तर दशलक्षणाच्या दहा दिवसांचा. घेतला तेवढा मात्र मनापासून पाळ.

सून म्हणाली, "आई, शिदोरी हा शब्द मला पटला. दुसऱ्याच्या डब्यातलं खायचं नाही, एवढं तर आम्ही शाळेतच शिकलो." मी तिला काही बोलले नाही. तिने ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये काय करायचं ते तिचं तिने ठरवावं.

यंदा पाऊस सुरू झाला की तुमच्या परसात किंवा गच्चीतल्या कुंडीत बघा. गेल्या वर्षीची हळद किंवा निशिगंध, जो मेला म्हणून कुंडी बाजूला सारली होती, त्याचा हिरवा कोंब वर आलेला असेल. घरातल्या मुलींना बोलावून तो दाखवा.

जय जिनेंद्र.